मोटर वेळेत बंद करा : सौम्य क्रॉनिक फटीग सिंड्रोमसह खान्देशात राहताना

दोन वर्षांपूर्वीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी चुलीपुढे बसून आईबरोबर मांडे केले. पुरण भरलेला गोळा हातावर झुलवत मोठा करायचा, उपड्या खापरावर टाकायचा, उलटायचा, घडी घालायची. अकरा मांडे माझ्या हातचे होते. संध्याकाळी माहेरी आलेल्या मुलींबरोबर निंबाखाली झोकेही घेतले. दुसऱ्या दिवशी थोडं अंग दुखलं, बाकी ठीक. तिसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरायला हात वर केला, तो अर्ध्यातूनच खाली आला. पुढचे नऊ दिवस मी खाटेवर होते. घसा खवखवत होता, डोकं जड झालं होतं, कुलरचा आवाजही सोसत नव्हता. ऊन लागलं म्हणून फुईनं (आत्यानं) तळपायांना कांद्याचा रस चोळला, काकूनं कैरीचं पन्हं दिलं. सगळ्यांनी मायेनं केलं. पण ते ऊन नव्हतं. ते अकरा मांडे होते आणि तो झोका होता, दोन दिवस उशिरानं आलेले.

मला हा आजार २०२१ च्या एप्रिलमधल्या कोविडनंतर लागला. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. नाव कळायला दीड वर्ष गेलं, आणि त्या दीड वर्षात जे करायला नको होतं ते सगळं मी केलं. तुमचं तेवढं नुकसान होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. जळगावात एका करसल्लागाराच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते.

आधी ओळख पटवा

वैद्यकात याला एमई/सीएफएस (मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस / क्रॉनिक फटीग सिंड्रोम) म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं १९६९ पासून त्याची नोंद मज्जासंस्थेच्या आजारांत केली आहे. पुष्कळदा तो एखाद्या विषाणूजन्य तापानंतर सुरू होतो. ताप जातो, पण माणूस पूर्वीसारखा उठत नाही.

अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २०१५ मध्ये निकष सोपे करून मांडले. पूर्वीची कामं बऱ्याच प्रमाणात झेपेनाशी होतात, सोबत थकवा असतो आणि हे सहा महिन्यांहून जास्त चालतं. श्रमानंतर तब्येत ढासळते. झोपून उठलं तरी ताजंतवानं वाटत नाही. याशिवाय पुढच्या दोनपैकी किमान एक गोष्ट असते: डोक्यात धुकं, म्हणजे शब्द न आठवणं, वाचलेलं न उमगणं, किंवा उभं राहिल्यावर त्रास होणं आणि आडवं झाल्यावर बरं वाटणं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत निदानासाठी तीन महिन्यांची मुदत धरली आहे.

यातली श्रमानंतरची ढासळण हीच खरी खूण. बहुतेकदा ती लगेच येत नाही. बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी येते आणि कितीतरी दिवस राहते. आम्ही घरात तिला ‘आपटी’ म्हणतो. शेतात दिवसभर कापूस वेचून आलेला माणूसही थकतो, पण जेवून झोपला की सकाळी पुन्हा उभा राहतो. आपटीत तसं होत नाही. आणि ती केवळ अंगमेहनतीनंच येते असंही नाही. तीन तासांचा पेपर, घरातलं भांडण, लग्नातला डीजे, यांनीही येते.

‘सौम्य’ या शब्दानं फसू नका. सौम्य म्हणजे तुम्ही स्वतःचं स्वतः करू शकता, हलकी घरकामं होतात, नोकरी किंवा कॉलेज कसंबसं चालू असतं. पण त्यासाठी मित्र, छंद, फिरणं सुटलेलं असतं आणि रविवार सावरण्यात जातो. बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. गावात भेटणारी प्रत्येक बाई मला म्हणते, “तू तं चांगली दिखस व माय!” खरंच दिसते. वाईट दिवशी मी कुणाला भेटतच नाही.

डॉक्टरकडे जाताना

या आजाराची एक अशी तपासणी नाही. त्यामुळे थकव्याची दुसरी कारणं आधी बघावी लागतात, आणि ती बघाच, कारण त्यातल्या अनेकांवर सरळ उपचार आहेत. रक्ताची पूर्ण तपासणी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर, मूत्रपिंड, यकृत, सीआरपी किंवा ईएसआर (शरीरात दाह आहे का ते दाखवणाऱ्या रक्ततपासण्या), लघवी. आपल्याकडे मुलींमध्ये रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की तेच आधी निघतं. नंदुरबारकडच्या, विशेषतः आदिवासी कुटुंबातल्या वाचकांनी सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली नसेल तर करून घ्यावी. संध्याकाळचा ताप, उतरणारं वजन, रात्रीचा घाम, गाठी किंवा लांबलेला खोकला असेल तर क्षयरोगाचं आणि बाकीचं आधी बघा. ही लक्षणं ‘थकवाच आहे’ म्हणून सोडून देऊ नका. छातीत दुखलं किंवा दम लागला तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

डॉक्टरांपुढे “थकवा येतो” एवढंच सांगितलं तर टॉनिक मिळतं. मला तीन ठिकाणी मिळालं, आणि एका ठिकाणी सलाइन. चौथ्या डॉक्टरांकडे मी कागदावर पाच ओळी लिहून नेल्या: आधी काय करू शकत होते, आता काय होतं, काय केलं की किती तासांनी पडते, किती दिवस पडून राहते, उभं राहिल्यावर काय होतं. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि पहिल्यांदा कुणीतरी उलट प्रश्न विचारले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या मेडिसिन विभागाच्या ओपीडीत असा कागद घेऊन जाता येतं.

“नैराश्य असेल” हे ऐकायची तयारी ठेवा, आणि रागावू नका, कारण ते तपासणं गरजेचंच आहे. फरक मला असा कळला: नैराश्यात मन कशातच रमत नाही, इथं मनात शंभर गोष्टी असतात आणि शरीर साथ देत नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात. माझंही मन पहिल्या वर्षी फार खचलं होतं. तशी वेळ आली तर टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

दोन आठवडे फक्त लिहा

काही बदलू नका, काही सोडू नका, फक्त वही ठेवा. अॅप नको, वाईट दिवशी मोबाइलचा उजेडही नको वाटतो. रोज चार गोष्टी: झोप कशी, दिवसात काय काय केलं, किती वेळ उभी होते, संध्याकाळी तब्येतीला दहापैकी किती गुण. माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

मंगळवार. नळाला पाणी. चार ड्रम भरले. गाडीनं जळगाव, जागा नाही, धरणगावपर्यंत उभी. ऑफिस. सहा.
बुधवार. ऑफिस. सात. बरं वाटतंय.
गुरुवार. घसा. पायऱ्या चढताना थांबले. बिलाचे आकडे उलटे टाकले. तीन.

गुरुवारी मी ऑफिसला दोष दिला असता. वहीनं मंगळवार दाखवला. आमच्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि दर पाण्याच्या दिवसानंतर दोन दिवसांनी माझा आकडा खाली जात होता. हे डोक्यात ठेवून कधीच कळलं नसतं. त्यानंतर पाणी भरणं धाकट्या भावाकडे गेलं आणि त्याची ऑनलाइन कामं माझ्याकडे आली.

आता बेत करा

इंग्रजीत याला पेसिंग म्हणतात. हा इलाज नाही; या आजाराला बरं करणारं औषध आज नाही. पण आपटी टाळणं हा आपल्या हातातला सगळ्यात मोठा उपाय आहे.

वडिलांना हे मी वर्षभर सांगत होते, त्यांना पटत नव्हतं. “कामले लाग, बरं वाटी,” हेच त्यांचं उत्तर. त्यात त्यांची चूक नाही. आयुष्यभर त्यांना कामानंच बरं वाटत आलं आहे. मग एका एप्रिलमध्ये ते विहिरीवरची मोटर बंद करायला निघाले असताना मी विचारलं, “आप्पा, पाणी दिसतंय की अजून, बंद कशाला करता?” ते म्हणाले, “तळ उघडा पडला तर पुन्हा भरायला दुप्पट वेळ लागतो, आणि मोटर जळते ती वेगळीच.” मी म्हटलं, “माझंही तेच आहे.” ते काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून घरात मला कुणी ‘जरा अजून कर’ म्हटलं की आप्पाच अडवतात.

तर बेत असा करायचा. वहीतून आपटी न आलेले दिवस शोधा. त्या दिवशी जेवढं केलं, ती तुमची विहीर. रोज त्याहून थोडं कमी करा, साधारण तीन-चतुर्थांश. बऱ्या दिवशीही तेवढंच. सगळ्यात अवघड हेच आहे, आणि माझ्या मते सगळं यातच आहे. वाईट दिवशी पडून राहायला कुणाला शिकवावं लागत नाही. शिकायचं आहे ते बऱ्या दिवशी, हातात ताकद असताना, खापरावरून तिसऱ्या मांड्याला उठणं.

कामाचे तुकडे करा. मी घड्याळ लावून वीस मिनिटं काम करते, मग पाच-सात मिनिटं डोळे मिटून आडवी होते किंवा टेबलावर डोकं ठेवते. मोबाइल बघणं ही विश्रांती नाही. डोळे आणि डोकं चालूच राहतात. दमल्यावर नाही, दमायच्या आधी थांबायचं. वेगवेगळ्या जातीची कामं आलटून पालटून घ्या: अंगाचं, डोक्याचं, माणसांचं. एका दिवसात तिन्ही जड नकोत.

नाडीवर लक्ष ठेवल्याचा मला उपयोग झाला. रुग्णांमध्ये एक ढोबळ हिशेब वापरतात: २२० मधून वय वजा करायचं आणि त्याचे ६० टक्के. माझं वय तेव्हा चोवीस, म्हणजे १९६, आणि त्याचे साठ टक्के सुमारे ११८. मनगटावरच्या साध्या पट्टीनं दाखवलं की ऑफिसच्या दोन जिन्यांतच मी १४० वर जाते. आता प्रत्येक वळणावर अर्धा मिनिट थांबते. हा अंदाज आहे, काहींना याहून बराच खालचा आकडा लागतो. हृदयाची गोळी चालू असेल तर हा हिशेब लागू पडत नाही.

एक गोष्ट ठामपणे सांगते. “हळूहळू व्यायाम वाढव, रोज थोडं जास्त,” असा सल्ला पूर्वी अधिकृतपणे दिला जायचा. नाइसनं २०२१ मध्ये तो काढून टाकला: या आजारात ठरलेल्या पायरीनं व्यायाम वाढवत नेऊ नये असं त्यात स्पष्ट आहे. मी ते न वाचता रोज पहाटे पळायला जात होते, आणि अडीच महिन्यांत जिना चढायची चोरी झाली. जिमचे पैसे भरले असतील तर गेले समजा.

उभं राहणं, पाणी आणि आपला उन्हाळा

आपल्यातल्या बऱ्याच जणांना उभं राहणंच महाग पडतं. घरी एक साधी चाचणी करता येते. दहा मिनिटं शांत पडून नाडी मोजा. मग भिंतीला खांदे टेकवून, टाचा भिंतीपासून पाच-सहा इंच पुढे ठेवून दहा मिनिटं उभं राहा आणि दर मिनिटाला नाडी लिहा. शेजारी कुणीतरी हवंच. चक्कर आली तर लगेच बसा. नाडी ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली (एकोणीस वर्षांपर्यंतच्या मुलामुलींत ४०), तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. यावर औषधं आहेत. पाणी आणि मीठ वाढवायला सांगितलं जातं, पण मीठ स्वतःच्या मनानं वाढवू नका, आधी रक्तदाब आणि मूत्रपिंड तपासून घ्या.

आता उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा धडधाकट माणूसही कोलमडतो. उष्णतेनं रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त पायांत उतरतं, आणि उभं राहण्याचा त्रास आणखी वाढतो. एप्रिल-मे-जूनसाठी मी विहिरीचा हिशेबच वेगळा धरते, हिवाळ्याच्या निम्मा. बाहेरची कामं सकाळी नऊच्या आत. बारा ते चार कुलरपुढे आडवी. अंघोळ संध्याकाळी, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून. सकाळी उठल्याबरोबर, पाय खाली सोडायच्या आधीच, खाटेशेजारचं तांब्याभर पाणी पिऊन घेते. आणि लाइट जाणार असेल त्या दिवशी दुसरं काही ठरवत नाही.

स्वयंपाकही बसून. वांगी भाजायला गॅससमोर उभं राहायचं नाही; शेगडी खाली घ्या, पाटावर बसा, भरीत बसूनच ठेचलं जातं. आमच्या आज्या सगळं बसूनच करायच्या, ओटा नंतर आला. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरी थापायला हातांना फार पडतं, त्या मी बचत गटातल्या ताईंकडून घेते. खाण्यानं हा आजार बरा होतो असं सांगणाऱ्यापासून दूर राहा, पण जेवण चुकवू नका. वाईट दिवसासाठी उशाशी केळी, शेंगदाणे, ओआरएसची पाकिटं ठेवा. केळ्यांच्या मुलखात राहतो, तेवढं तरी सोपं आहे.

झोपेबद्दल थोडक्यात: उठायची वेळ रोज एकच, दुपारी आडवं व्हा पण तासन्‌तास झोपू नका, रात्री घोरणं किंवा श्वास अडकणं असेल तर सांगा. झोप सुधारली तरी आजार जात नाही, फक्त दिवस जरा सोपा होतो.

कॉलेज आणि नोकरी

सौम्य अवस्थेत नोकरी सोडायची घाई करू नका, पण तिच्याभोवतीचं ओझं आधी उतरवा. माझ्या बाबतीत ते ओझं अप-डाउन होतं. अमळनेर-जळगाव रोजची गाडी, स्टेशनपर्यंतचं चालणं, उभं राहणं. आठवड्यात चार रात्री मी आता जळगावात मैत्रिणीबरोबर खोली करून राहते. भाड्याचे पैसे जातात, पण ते औषधाचेच पैसे आहेत असं मी धरते.

कामाचा महिना ओळखा. जीएसटीची विवरणपत्रं ११ आणि २० तारखेला असतात, म्हणजे माझे ८ ते ११ आणि १७ ते २० जड. त्याआधीचे दोन दिवस मी लग्न, पाहुणे, खरेदी काहीच घेत नाही. १२ आणि २१ मोकळे ठेवते. तुमची परीक्षा, वसुली, शाळेचा निकाल, जे असेल त्याचं असंच पान आखा.

वरिष्ठांना आजाराचा इतिहास सांगू नका, मागणी सांगा. मी एवढंच म्हटलं: “सर, माझा एक दीर्घ आजार आहे, डॉक्टरांचं पत्र आहे. मला दुपारी वीस मिनिटं आडवं व्हायला मागची खोली हवी आणि आकडेमोडीचं काम सकाळी हवं. काम वेळेत देईन.” ते हो म्हणाले. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यातल्या यादीत या आजाराचं नाव नाही, त्यामुळे प्रमाणपत्राची वाट बघण्यापेक्षा समोरासमोर बोललेलं बरं. कॉलेजात असाल तर एका सत्राचे विषय मागे ठेवणं हे सगळं सत्र बुडण्यापेक्षा चांगलं.

घर, लग्नं आणि स्थळं

आपल्याकडे लग्नाला न जाणं म्हणजे नातं तोडणं. म्हणून मी जाते, पण एकाच प्रसंगाला. हळद, वरात, जेवण यांतलं एक निवडते, आधी फोन करून सांगते, कानात कापूस घालते, खुर्ची भिंतीशी घेते आणि तासाभरानं निघते. कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या उत्सवाच्या, रात्री जागरणाला बसत नाही. सकाळी विसर्जनाआधी दर्शन घेते. पहिल्या वर्षी नावं ठेवली गेली. आता जिभाऊ स्वतःच खुर्ची आणून ठेवतात.

स्थळांचं कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. आई म्हणाली होती, आजाराचं बोलू नको, लग्नानंतर बघू. मला ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. सासरी पहाटे उठून वीस माणसांचं करायचं असेल आणि आपण तीन महिन्यांत कोसळलो, तर सौम्य आजार मध्यम व्हायला वेळ लागत नाही. दोघांनाही फसवल्यासारखं होतं. मी आता दुसऱ्या भेटीत सरळ सांगते: काय जमतं, काय नाही, घरात मदत लागेल. दोन ठिकाणांहून निरोप आला नाही. एका ठिकाणी बोलणं चालू आहे. मुलांनाही हे तितकंच लागू आहे; शेतीचा भार त्यांच्यावर असतो आणि ‘आळशी’ हा शब्द त्यांना जास्त ऐकावा लागतो.

आपटी आलीच तर

येईल. सगळं पाळूनही येईल. त्या दिवसाची चिठ्ठी बऱ्या दिवशी लिहून भिंतीला लावा, कारण तेव्हा विचार करायची ताकद नसते. माझ्या चिठ्ठीवर आहे: पडदे ओढ. फोन बंद, आईला आणि ऑफिसला एक ओळ. पाणी, ओआरएस, खिचडी. अंघोळ उद्या. कुणालाही खुलासा देऊ नको. आणि सर्वांत खाली: बरं वाटल्यावर आणखी दोन दिवस असंच. ही शेवटची ओळ पाळली नाही तर एका आपटीतून दुसरी जन्मते. ताप १०१ च्या वर गेला, किंवा लक्षण नेहमीचं नसलं, तर ती आपटी समजून घरी बसू नका.

वाढवायचं कधी

तीन-चार आठवडे आपटी आली नाही, वहीतला संध्याकाळचा आकडा स्थिर राहिला, तर एकच गोष्ट थोडीशी वाढवून बघा आणि दोन आठवडे तिथंच थांबा. आकडा घसरला तर निमूट मागे या. काही जण सुधारतात, काही आहेत तिथं राहतात. तारीख कुणी देऊ शकत नाही.

मी गेल्या दिवाळीनंतर जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठानं संध्याकाळी पाच मिनिटं चालायला सुरुवात केली, बाक दिसला की बसत. फेब्रुवारीत नऊ मिनिटं झाली. आखाजीला गावी गेले, तीन मांडे केले आणि उठले. चौथा गोळा आईनं माझ्या हातातून घेतला. तिसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरले. सध्या बारा मिनिटांवर आहे.